मायक्रोसॉफ्टचं जावा व्हीएम: सपोर्ट संपल्यानंतरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज २००० किंवा एक्सपीवर वर्षानुवर्षं निमूट चालणारा, जावात लिहिलेला प्रोग्रॅम ज्यांना सांभाळावा किंवा हलवावा लागतो, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. फाइलींची, कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची.

नेमका कशाचा सपोर्ट संपला? जावाचा?

नाही, जावा जिवंत आहे. संपला तो मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवून विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोररबरोबर दिलेल्या जावा व्हर्च्युअल मशीनचा (थोडक्यात व्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम) सपोर्ट. जावा ही सन मायक्रोसिस्टिम्सची. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या मार्चमध्ये सनकडून परवाना घेऊन आपलं वेगळं व्हीएम तयार केलं. त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २००७ रोजी संपला. सनचं जावा, जे २०१० पासून ओरॅकलकडे आहे, पुढे वाढत राहिलं. तुमचा प्रोग्रॅम या दोनांपैकी कोणत्या व्हीएमवर चालतो, हा पहिला प्रश्न. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

परवाना घेतला होता, मग प्रकरण इथवर आलं कसं?

मायक्रोसॉफ्टचं व्हीएम वेगवान होतं, पण सनच्या जावाशी तंतोतंत जुळणारं नव्हतं. नेटिव्ह कोडशी (सी सारख्या भाषेत थेट त्या मशीनसाठी लिहिलेल्या कोडशी) जोडणारा सनचा जेएनआय हा मार्ग त्यात नव्हता, त्याऐवजी आरएनआय आणि जे-डायरेक्ट हे मायक्रोसॉफ्टचे मार्ग होते. आरएमआय, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या जावा ऑब्जेक्टला हाक मारण्याची सोय, तीही मूळ पॅकेजमध्ये नव्हती. व्हिज्युअल जे प्लस प्लस ६.० या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने भाषेतच ‘डेलिगेट’ आणि ‘मल्टिकास्ट’ हे नवे शब्द घातले. अशा सोयी वापरून लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजबाहेर चालत नसे, आणि एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठेही चालावा हाच तर जावाचा मूळ दावा होता.

सनने ७ ऑक्टोबर १९९७ रोजी खटला भरला. २३ जानेवारी २००१ रोजी तडजोड झाली: मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर दिले आणि आपलं जुनं, जावा १.१.४ च्या पातळीचं व्हीएम ठरावीक मुदतीपुरतं देत राहण्याची मुभा मिळवली. या अटीचा परिणाम लोकांच्या लक्षात उशिरा आला. हे व्हीएम जावाच्या पुढच्या आवृत्त्यांकडे कधीच जाणार नव्हतं. ते १.१ वरच थांबलं आणि सनचं जावा मात्र १.२, १.३, १.४ असं पुढे गेलं.

शेवटची तारीख इतक्या वेळा का बदलली?

मार्च २००२ मध्ये सनने दुसरा, स्पर्धाविरोधी वर्तनाचा खटला भरला. डिसेंबर २००२ मध्ये बाल्टिमोरचे न्यायाधीश फ्रेडरिक मॉट्झ यांनी विंडोजबरोबर सनचं जावा देण्याचा आदेश दिला. जून २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण कॉपीराइटसंबंधीचा मनाई हुकूम कायम ठेवला. सपोर्टची मुदत आधी ३० सप्टेंबर २००४ पर्यंत वाढवली गेली. मग २ एप्रिल २००४ रोजी दोन्ही कंपन्यांत मोठी तडजोड झाली. त्यात स्पर्धेच्या दाव्यापोटी ७० कोटी आणि पेटंटपोटी ९० कोटी डॉलर मायक्रोसॉफ्टने सनला दिले, शिवाय ३५ कोटी डॉलर रॉयल्टी आगाऊ. त्यानंतर मुदत २००७ च्या अखेरीपर्यंत गेली.

कोणत्या विंडोजमध्ये ते होतं आणि कोणत्यात नव्हतं?

विंडोज ९८, एमई आणि २००० मध्ये होतं. एक्सपीच्या मूळ सीडीत नव्हतं. अ‍ॅपलेट (वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम) समोर आलं की हे व्हीएम उतरवून घेण्याची सोय होती. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक १ मध्ये ते आलं आणि २००३ च्या फेब्रुवारीतल्या १-ए मधून काढलं गेलं. १ आणि १-ए यांच्यातला फरक तेवढाच. विंडोज सर्व्हर २००३ आणि व्हिस्टामध्ये ते नाही.

गोंधळ होतो तो अपग्रेड केलेल्या मशीनवर. विंडोज ९८ किंवा २००० वरून एक्सपीवर गेलेल्या मशीनमध्ये जुनं व्हीएम तसंच राहतं. सर्व्हिस पॅक १ असलेल्या मशीनवर १-ए टाकलं तरी ते निघत नाही. विंडोज २००० चा सर्व्हिस पॅक ४ सुद्धा ते देत नाही, पण असेल तर काढतही नाही. म्हणून सर्व्हिस पॅकचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक मशीन उघडून तपासा.

माझ्या मशीनवर ते आहे का, कसं पाहू?

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘जेव्ह्यू’ टाइप करा (जे हे अक्षर आणि लगेच व्ह्यू हा शब्द, मध्ये जागा नाही). व्हीएम असेल तर पहिल्याच ओळीत मायक्रोसॉफ्टचं नाव आणि ५.००.३८१० असा आकडा दिसतो. शेवटचे चार अंक म्हणजे बिल्ड क्रमांक. कमांड ओळखता येत नाही असा संदेश आला, तर बहुधा ते नाही.

‘बहुधा’ म्हणण्याचं कारण, कोणीतरी तेवढी एकच फाइल पुसलेली असू शकते. खात्रीसाठी सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ‘एमएसजावा’ नावाची डीएलएल आहे का ते बघा. इंटरनेट एक्सप्लोररच्या इंटरनेट ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हीएम’ हा विभाग दिसतो का, तेही पाहा. त्याच यादीत सनच्या जावाचा वेगळा विभाग असेल, तर मशीनवर दोन्ही आहेत.

‘जावा’ ही कमांड चालली म्हणून मायक्रोसॉफ्टचं व्हीएम आहे असं समजू नका. ती सनची. मायक्रोसॉफ्टच्या कमांड दोन: जेव्ह्यू आणि खिडकीवाल्या प्रोग्रॅमसाठी डब्ल्यूजेव्ह्यू. जुन्या बॅच फाइलींत आणि शॉर्टकटमध्ये हीच दोन नावं शोधायची.

जावास्क्रिप्टही बंद पडणार का?

नाही. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही.

२००७ नंतरही प्रोग्रॅम चालतोय. मग बिघडलं काय?

सपोर्ट संपला म्हणून कोणतीही फाइल आपोआप बंद पडत नाही. बंद झाल्या त्या सुरक्षा दुरुस्त्या. एप्रिल २००३ मध्ये या व्हीएमच्या बाइटकोड (कंपाइल झालेला जावा कोड) तपासणाऱ्या भागातला गंभीर दोष दुरुस्त झाला, त्यातूनच ३८१० हे बिल्ड आलं. ३८०९ पर्यंतच्या सगळ्या बिल्डमध्ये तो दोष आहे: वेबपानावरचं अ‍ॅपलेट आपल्या कुंपणाबाहेर येऊन मशीनवर हवं ते करू शकतं. दुष्ट कोड लिहिणाऱ्यांनी त्याचा भरपूर वापर केला. जेव्ह्यूने ३८१० पेक्षा लहान आकडा दाखवला, तर ते मशीन आजच नेटवर्कवरून काढा. ३८१० असेल तरीही ते व्हीएम आता कोणी दुरुस्त करणार नाही. त्याच्या खालच्या विंडोज २००० चा सपोर्ट जुलै २०१० मध्ये आणि एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला आहे.

दोन्ही जावा एकाच मशीनवर राहू शकतात का?

हो, आणि चाचणीसाठी हीच सर्वांत उपयोगी स्थिती आहे. सनचं जावा टाकल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर ‘अ‍ॅपलेट टॅगसाठी हे वापरा’ अशा अर्थाचा चौकोन येतो. तो चालू-बंद करून, दर वेळी ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडून, तेच पान दोन्हींवर तपासता येतं. पानात अ‍ॅपलेट टॅगऐवजी ऑब्जेक्ट टॅग असेल आणि त्यात क्लास आयडी दिलेला असेल, तर या चौकोनाचा काही उपयोग होत नाही. ज्याचा आयडी, तेच व्हीएम उघडतं.

प्रोग्रॅम शुद्ध जावाचा आहे की मायक्रोसॉफ्टच्या खास सोयींवर बसलेला, कसं ओळखायचं?

सगळ्या कामाचा कणा हा प्रश्न आहे. शुद्ध जावा १.१ चा प्रोग्रॅम हलवणं अनेकदा एका दिवसाचं काम असतं, खास सोयींवरचा हलवणं म्हणजे काही भाग नव्याने लिहिणं. उत्तर अंदाजाने देऊ नका, आणि मूळ लिहिणाऱ्याच्या आठवणीवरही विसंबू नका. फाइलींनाच विचारा.

आधी सगळे क्लास (कंपाइल झालेल्या जावा फाइली) एका रिकाम्या फोल्डरमध्ये सुटे करा. मायक्रोसॉफ्टच्या काळातले प्रोग्रॅम बहुधा कॅब फाइलीत बांधलेले असतात. विंडोजची ‘एक्सपांड’ कमांड ती उलगडते. जार किंवा झिप असेल तर झिपचं कोणतंही साधन चालतं. सुटं करणं टाळू नका. बांधलेल्या फाइलीत मजकूर दाबून भरलेला असतो, शोध घेतला तर काहीच सापडत नाही आणि सगळं स्वच्छ असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

मग ‘फाइंडस्ट्र’ कमांडने, उपफोल्डरांसह, सगळ्या क्लास फाइलींत ‘कॉम’ तिरपी रेघ ‘एमएस’ तिरपी रेघ हा मजकूर शोधा, मायक्रोसॉफ्टच्या पॅकेजांची नावं त्यानेच सुरू होतात. इथे हमखास चूक होते. सोर्समध्ये (माणसाने लिहिलेल्या मूळ कोडमध्ये) पॅकेजच्या नावात टिंब असतं, पण तयार क्लास फाइलीत त्याच जागी पुढे झुकलेली तिरपी रेघ असते. टिंब घालून शोधाल तर हाती काही लागणार नाही.

जेडीके ८ (जावाचे प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनांचा संच) हाताशी असेल तर ‘जेडेप्स’ हे साधन हेच काम जास्त नीट करतं. कोणता क्लास कोणत्या पॅकेजवर अवलंबून आहे याची ते यादी देतं आणि जे जावात नाही त्यापुढे ‘नॉट फाउंड’ लिहितं. ही यादी छापून ठेवा. पुढच्या कामाचा अंदाज तिच्यावरूनच करायचा आहे.

एक गोष्ट या शोधातून निसटू शकते: जे-डायरेक्ट. त्यात विंडोजच्या डीएलएलमधलं फंक्शन थेट जावाच्या मेथडला जोडलेलं असतं आणि ते जोडकाम सोर्समध्ये टिप्पणीच्या वेषात लिहिलेलं असतं. म्हणून ‘जावापी’ हे साधन खासगी मेथड दाखवण्याच्या पर्यायासह चालवा आणि ‘नेटिव्ह’ शब्द असलेली प्रत्येक मेथड टिपून घ्या.

तपासणीत काहीच सापडलं नाही. आता?

सोर्स असेल तर जेडीके ८ वर, नव्या मशीनवर, पुन्हा कंपाइल करा. जेडीके ८ सुचवण्याचं कारण नेमकं आहे: त्याचा कंपायलर ‘सोर्स १.३’ हा पर्याय अजून मान्य करतो, तर जेडीके ९ ने १.५ आणि त्याआधीचे सगळे पर्याय काढून टाकले. जुन्या कोडमध्ये ‘असर्ट’ किंवा ‘एनम’ ही चलांची नावं म्हणून सर्रास वापरलेली असतात. पुढे १.४ मध्ये पहिला आणि जावा ५ मध्ये दुसरा शब्द भाषेने राखून ठेवला. ‘सोर्स १.३’ दिलं की तो कोड तसाच कंपाइल होतो. नावं बदलायची ती नंतर सावकाश बदला.

नंतर येणाऱ्या अडचणी बहुधा अशा असतात. क्लास सापडत नाही अशी त्रुटी आली, तर आधी नावातली लहान-मोठी अक्षरं बघा. विंडोजच्या फोल्डरला त्यांच्यातला फरक चालतो, जार फाइलीला चालत नाही. खिडकीतली बटणं एकमेकांवर चढली, तर कोडमध्ये जागा पिक्सेलच्या आकड्यांनी ठरवलेली असते आणि नव्या व्हीएममध्ये अक्षरांची मापं वेगळी पडतात. तिथे आकडे थोडे मागेपुढे करत बसू नका, लेआउट मॅनेजर (जागा आपोआप आखणारा जावाचा भाग) बसवा. जावा १८ किंवा पुढच्या आवृत्तीवर गेल्यावर जुन्या डेटा फाइलींतली अक्षरं बिघडली, तर कारण एन्कोडिंगचं आहे. १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, आधी ते विंडोजच्या सेटिंगप्रमाणे असायचं. फाइल वाचताना एन्कोडिंगचं नाव कोडमध्येच लिहा.

मायक्रोसॉफ्टची पॅकेजं सापडली. कशाच्या जागी काय वापरायचं?

*डब्ल्यूएफसी.* विंडोजच्या खिडक्या, बटणं, यादी देणारी ही लायब्ररी सर्वांत जड प्रकरण आहे. तिला सरळ पर्याय नाही. दर्शनी भाग स्विंगमध्ये (जावाच्या स्वतःच्या खिडक्यांच्या लायब्ररीत) नव्याने लिहावा लागतो, आणि डेलिगेटच्या जागी लिसनर येतात. हिशेबाचा, फाइलींचा, संपर्काचा कोड आधी वेगळ्या क्लासमध्ये काढा, तो चालतो याची चाचणी करा, आणि मगच खिडक्यांना हात लावा. दोन्ही एकदम करायला गेलं की चूक कुठे आहे तेच कळत नाही.

*जे-डायरेक्ट.* काही मोजकीच विंडोज फंक्शनं असतील तर जेएनए ही लायब्ररी घ्या. त्यात सी भाषेला हात न लावता काम होतं. जावा २२ किंवा पुढे जाणार असाल, तर जावाचाच परकीय फंक्शनांसाठीचा एपीआय आता पक्का झाला आहे. मात्र आधी प्रत्येक फंक्शन कशासाठी बोलावलं आहे ते बघा. १.१ मध्ये नसलेली, पण नंतर जावातच आलेली सोय मिळवण्यासाठी ती ओळ लिहिलेली असू शकते. तशी ओळ सरळ पुसता येते.

*आरएनआय.* सी मधला कोड जेएनआयच्या नियमांनुसार पुन्हा लिहावा लागतो. आरएनआयमध्ये ऑब्जेक्टची मेमरी थेट हाताळता येत असे, जेएनआयमध्ये प्रत्येक गोष्ट फंक्शनमधून मागावी लागते. नुसती नावं बदलून भागत नाही.

*कॉम ऑब्जेक्ट.* कॉम ही विंडोजच्या प्रोग्रॅमांनी एकमेकांचे घटक वापरण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएममध्ये कॉम ऑब्जेक्ट जावाच्या ऑब्जेक्टसारखा वापरता येई. आता जेकब किंवा कॉम-फोर-जे अशा लायब्रऱ्या लागतात. ३२ आणि ६४ बिटांचा मेळ तपासा: प्रोसेसमध्येच लोड होणारा ३२ बिटांचा कॉम घटक ६४ बिटांच्या जावातून उघडत नाही.

*परवानग्या.* मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पॅकेजमधून परवानगी मागणाऱ्या ओळी अ‍ॅपलेटमध्ये दिसतात. तेच काम ब्राउझरबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम करणार असेल तर त्या ओळी लागतच नाहीत. काढून टाका.

जे शार्प किंवा सी शार्पकडे नेण्याचा मार्ग होता ना?

होता. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल जे शार्प आणि जावाचा कोड सी शार्पमध्ये बदलणारं साधन, अशी दोन्ही दिली. जे शार्प जावा १.१.४ च्या पातळीवरच राहिलं आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००५ नंतर बंद झालं. आज नव्याने त्यावर जाणं म्हणजे एका बंद घरातून दुसऱ्या बंद घरात सामान हलवणं. तुमची पुढची सगळी माणसं डॉटनेटवरच काम करणार असतील तर सी शार्पमध्ये सरळ हाताने लिहा. बदलून मिळालेल्या कोडवर पुन्हा तेवढाच वेळ खर्च होतो.

प्रोग्रॅम वेबपानावरचं अ‍ॅपलेट आहे. आजच्या ब्राउझरमध्ये चालेल?

थेट नाही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाचं प्लगइन चालवणं थांबवलं. जावा ११ मधून प्लगइनच काढलं गेलं. म्हणून अ‍ॅपलेट नव्या ब्राउझरमध्ये कसं बसवायचं या विचारात वेळ घालवू नका. अ‍ॅपलेटचा क्लास एका साध्या खिडकीत घालून स्वतंत्र प्रोग्रॅम करा. पानातून येणारे पॅरामीटर सेटिंगच्या फाइलीतून वाचा. अ‍ॅपलेट मुळात धडपणे चालतं का, हे पाहायला जेडीके ८ मधलं ‘अ‍ॅपलेटव्ह्यूअर’ पुरेसं आहे. कॅब फाइलीवर मात्र ते चालणार नाही, आधी तिची जार करा आणि टॅगमध्ये ‘कॅबबेस’ पॅरामीटरऐवजी ‘आर्काइव्ह’ लिहा.

सोर्स हरवला आहे.

शुद्ध जावा असेल तर बहुतेक वेळा जुने क्लास तसेच नव्या व्हीएमवर चालतात, सोर्स लागतच नाही. खास सोयी असतील तर डिकंपायलरने कोड परत मिळतो, पण त्यात टिप्पण्या नसतात, आणि तसं करायला परवान्याची मुभा आहे का हे आधी पाहावं लागतं.

जुनं व्हीएम मशीनवरून कसं काढायचं?

आधी पूर्ण डिस्कची प्रत घ्या. एकदा काढल्यावर मायक्रोसॉफ्टकडून ते पुन्हा मिळत नाही.

दुसरी तयारी बहुतेक जण विसरतात. विंडोज फोल्डरमधला ‘जावा’ फोल्डर उघडा आणि त्यातले ‘ट्रस्टलिब’ आणि ‘पॅकेजेस’ हे उपफोल्डर तपासा. ट्रस्टलिबमधल्या क्लासांना पूर्ण विश्वास मिळत असल्याने अनेक प्रोग्रॅमनी आपले क्लास तिथे ठेवले. पॅकेजेसमधल्या विचित्र नावांच्या झिप फाइलींतही तुमच्या प्रोग्रॅमची लायब्ररी असू शकते. दोन्ही फोल्डर आधी बाहेर उतरवून घ्या. हा फोल्डर पुसल्यावर प्रोग्रॅम अर्धाच उरला, असं होता कामा नये.

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगइन करा आणि रन चौकटीत ‘रनडीएलएल३२’, एक जागा, ‘अ‍ॅडव्हपॅक’ डीएलएलचं पूर्ण नाव, स्वल्पविराम, ‘लाँचआयएनएफसेक्शन’, एक जागा, ‘जावा’ आयएनएफ फाइलचं नाव, स्वल्पविराम, ‘अनइन्स्टॉल’ असं एका ओळीत द्या. विचारल्यावर होकार द्या आणि मशीन पुन्हा सुरू करा.

त्यानंतर उरलेलं हाताने काढा: विंडोजमधला जावा फोल्डर, आयएनएफ फोल्डरमधली ‘जावा’ नावाची पीएनएफ फाइल, सिस्टिम३२ मधल्या जेव्ह्यू आणि डब्ल्यूजेव्ह्यू. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मग मायक्रोसॉफ्ट, आणि तिथली ‘जावा व्हीएम’ ही की पुसा. तिथेच इंटरनेट एक्सप्लोररच्या अ‍ॅडव्हान्स्डऑप्शन्समधली ‘जावा_व्हीएम’ ही की पुसली की अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवरचा विभाग जातो. शेजारच्या कींना हात लावू नका.

प्रोग्रॅम हलवता येत नाही, यंत्राला हेच मशीन लागतं. काय करू?

मशीन ठेवा, पण त्याला एकटं पाडा. इंटरनेटचा रस्ता बंद करा. डेटा बाहेर नेण्यासाठी एकच दिशा आणि एकच मार्ग ठेवा. त्यावर ब्राउझर कोणी उघडू नये अशी व्यवस्था करा, कारण या व्हीएमचा धोका वेबपानांतूनच आत येतो. डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घालून तिच्यावरून मशीन प्रत्यक्ष सुरू होतं का ते वर्षातून एकदा तरी पाहा. यंत्राचं कार्ड थेट आत बसवलेलं नसेल, नुसती सीरियल केबल असेल, तर ती प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये उचलून पाहण्यासारखी आहे.

आता मायक्रोसॉफ्ट पुन्हा जावा देते असं ऐकलं. जुना प्रोग्रॅम त्यावर चालेल?

खरं आहे. मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओपनजेडीकेवर आधारलेलं आपलं जावा वापरासाठी खुलं केलं. ते प्रमाण जावा आहे, जुन्या व्हीएमचा वारस नव्हे. कॉम-एमएस पॅकेजं, कॅब फाइली, जे-डायरेक्ट यांपैकी त्यात काही नाही. तुमची जेडेप्सची यादी स्वच्छ असेल तर ते वापरायला हरकत नाही.